नोंद : जनावर

मोरघळ खोऱ्यातला शेवटचा जोड वैजयंता शेडगेने वरच्या वाडीच्या समाजमंदिरात बसून मारला. केसाएवढ्या काचतंतूची दोन टोकं तिने स्पिरिटने पुसली, यंत्राच्या खाचेत समोरासमोर ठेवली आणि झाकण लावलं. आत ठिणगी उडाली. पडद्यावर दोन टोकं वितळून एक झाली. पाचच मिनिटांत बाहेर कोणाच्या तरी मोबाइलवर सांगलीच्या मैदानातली कुस्ती सुरू झाली आणि वाडीतली निम्मी माणसं त्या एका मोबाइलवर ओणवी झाली.

चर खणणाऱ्या टोळीचे मुकादम शिवलिंग जंगम कुदळीवर हात टेकून बघत होते.

"झालं गं वैजाक्का. दोनशे बारा किलोमीटर."

"खणलंत तुम्ही, अण्णा. मी नुसत्या गाठी मारल्या."

अडीच वर्षं ही दोघं बरोबर राबली होती. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, डोंगराच्या घड्यांमध्ये सदतीस वाड्या विखुरलेल्या. मोबाइलचे मनोरे तिथे डोंगराआड मुके पडायचे. म्हणून 'सह्यनाद' नावाच्या कंपनीने घरोघरी तंतू नेला. रस्त्याच्या कडेने, पायवाटांखालून, गोठ्यांच्या भिंतींना लागून थेट उंबऱ्यापर्यंत. वैजयंता आयटीआय झालेली, बेचाळीस वर्षांची. खोऱ्यातला एकेक जोड तिच्या हातचा होता. तिचा नवरा महिपती शाळेची बस चालवायचा. सकाळी वरच्या वाडीपासून मुलं गोळा करत घाटाने खाली करंजवड्याच्या शाळेत, संध्याकाळी परत.

पुढच्या वर्षी पुण्याहून डॉ. नीलांबरी केतकर आल्या. भूकंप आणि दरडी हा त्यांचा विषय. करंजवड्यातल्या कंपनीच्या केंद्रात त्यांनी कपाटाएवढी एक पेटी बसवली आणि तंतूचं टोक तिला जोडायला वैजयंतालाच बोलावलं.

"मॅडम, ही पेटी काय करते?"

"ऐकते," नीलांबरी म्हणाल्या. "आपण तंतूत प्रकाश सोडतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक उणिवा राहतातच. त्यांच्यावर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. किती वेळाने परत आला त्यावरून कुठून फिरला ते कळतं. आता तंतूजवळची जमीन हलली, तर काच अगदी जराशी ताणली जाते आणि त्या जागेहून परतणारा प्रकाश बदलतो. पेटी सेकंदाला शेकडो वेळा हा प्रकाश तपासते."

"म्हणजे तारेला कान आहेत."

"दर मीटरला एक. दोन लाख बारा हजार कान, आणि सगळे तुम्हीच बसवलेले."

डोंगर एकाएकी ढासळत नाही, असं त्यांनी समजावलं. आधी काही तास, कधी काही दिवस, आतला खडक कुरकुरतो. ती कुरकुर ऐकू आली तर माणसं हलवता येतात. पण खोऱ्यात नुसता डोंगर नसतो. माणसं चालतात, म्हशी चालतात, पंप धडधडतात, गाड्या जातात. तो सगळा गोंगाट वजा केल्याशिवाय डोंगर ऐकू येत नाही. वजा करायचा तर आधी ओळखायला हवा. आणि ओळखायला यंत्राला शिकवणारं माणूस खोऱ्यातलंच हवं.

असं वैजयंताचं नवं काम सुरू झालं. ती वाडीवाडीतून फिरायची, माणसांना दारासमोरून पन्नास पावलं चालायला लावायची आणि संध्याकाळी केंद्रात बसून प्रत्येक नोंदीला खूण करायची. खाने चार होते: माणूस, जनावर, यंत्र, इतर. माणसाच्या नोंदीला क्रमांक आणि नाव. तीन महिन्यांत दोन हजारांवर माणसं झाली. मग तिच्या लक्षात आलं, की कान लावला की तिलाही पावलं ओळखू येतात. जंगमअण्णांची टाच आधी पडायची. सरपंच घाईत असल्यासारखे चालायचे, घाई नसली तरी.

त्या ऑगस्टमध्ये पेटीने पहिल्यांदा डोंगर ऐकला. खालच्या आळीच्या वरच्या उतारावर खडक कुरकुरत होता. साडेपाच तास आधी सूचना आली, एकोणीस घरं रिकामी झाली आणि दुपारी चार वाजता त्यातली अकरा चिखलाखाली गेली. माणूस एकही गेलं नाही. आळीतल्या बायका केंद्रात आल्या, पेटीला हळदकुंकू लावलं आणि वैजयंताची ओटी भरली. कपाटाच्या लोखंडाला हळद चिकटेना. एकीने पाणी शिंपडल्यावर चिकटली. नीलांबरींनी पाण्याबद्दल हरकत घेतली नाही. त्यांचेही डोळे भरले होते.

एवढं झाल्यावर कंपनीला कळलं, की आपल्याकडे दरडीच्या सूचनेपेक्षाही मोठं काहीतरी आहे.

पावलांवरून माणूस ओळखता येतो, तसा माणसात झालेला बदलही ओळखता येतो. गुडघा धरला, तोल जाऊ लागला, एका बाजूची ताकद गेली, सगळं चालीत उतरतं, आणि माणसाला स्वतःला कळायच्या कितीतरी आधी. पहिला अनुभव चांगलाच आला. धनगरवाड्यातल्या ताराबाईंचा डावा पाय अडखळतोय, असं यंत्राने सांगितलं. दवाखान्यात नेल्यावर मेंदूतली गाठ सापडली आणि वेळेत निघाली. मग कंपनीने 'चाल-अहवाल' नावाची सेवा काढली. विमा कंपन्यांनी ती घेतली, ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदारांनी घेतली, आणि ज्या संस्थेची शाळा होती तिने आपल्या बसचालकांसाठी घेतली. कोणी कोणाला विचारलं नाही. जोडणी घेताना प्रत्येकाने सही केली होती, त्या कागदाच्या सातव्या पानावर हे सगळं होतं.

नीलांबरींनी पुण्याला पत्र लिहिलं, की हे मूळ कामात बसत नाही. दोन महिन्यांनी त्यांची बदली दुसऱ्या प्रकल्पावर झाली. निघताना त्या वैजयंताला म्हणाल्या, "नोंदी दुरुस्त करायचा अधिकार मी तुमच्याकडेच ठेवलाय. डोंगरासाठी तो लागतो. जपून वापरा."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वैजयंता मासिक यादी बघत होती. क्रमांक ३१७ पुढे तांबडी खूण होती. महिपती शेडगे. उजवं पाऊल घसटतं, वळताना पावलं अडतात, उजवा हात झुलत नसावा. शेवटच्या रकान्यात कंपवाताची शक्यता: शंभरात एक्याण्णव. यादी तीन दिवसांनी ग्राहकांकडे जाणार होती.

संध्याकाळी महिपती बस लावून घरी आला. तिने चहा पुढे ठेवला आणि तो डाव्या हाताने कप उचलतोय हे पाहिलं.

"उजवा हात दुखतोय का?"

"न्हाई. का?"

"पाय जड वाटतो का?"

महिपतीने कप खाली ठेवला. "यंत्रात आलं व्हय?"

तिने कप पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

"दिवाळीपासनं वाटतंय," तो म्हणाला. "हात गप बसत न्हाई, म्हणून खिशात ठेवतो. पण ष्टेरिंग धरलं की गप बसतोय. खरंच सांगतो, वैजू. ष्टेरिंगवर हात हलत न्हाई."

"डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ की. मे महिन्यात, सुट्टी लागली की. आत्ता जर कळलं तर उद्या चावी काढून घेत्याल. बावीस वरसं झाली. त्या बशीबिगर मी करू काय? दारात बसू?"

वैजयंता रात्रभर तळमळली. बसमध्ये चौतीस मुलं असत, आणि घाटात एकवीस वळणं. पण बावीस वर्षांत गाडीला ओरखडा न आलेला हा माणूस ती जवळून ओळखत होती, आणि यंत्राचा आकडा म्हणजे काही डॉक्टरचा शब्द नव्हे, असं ती स्वतःला सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने क्रमांक ३१७ उघडला. 'इतर' या खान्यात टाकलं तर यंत्र आठ दिवसांनी पुन्हा विचारायचं. 'यंत्र' टाकलं तर पुण्याहून कोणीतरी तपासायचं. जनावरांकडे कोणी बघत नसे. तिने 'जनावर'वर बोट ठेवलं. पडद्यावर ओळ आली: या चालीच्या पुढील सर्व नोंदी जनावर म्हणून धरल्या जातील. तिने 'हो' म्हटलं.

महिपती शेडगे यादीतून नाहीसा झाला. आठवडाभर चाल सापडली नाही, तर यंत्र त्या माणसाला बाहेरगावी गेलेला धरत असे. शाळेच्या संस्थेने विचारलं नाही, कारण अहवालात ज्याच्यापुढे तांबडी खूण असेल त्याचंच नाव ते बघत.

त्यानंतर रोज सकाळी सात ते पावणेआठ वैजयंता पडद्यासमोरून हलत नसे. घाटाच्या कडेने गेलेल्या तंतूवर बसची थरथर एका तिरक्या रेघेसारखी उतरायची. वळण आलं की रेघ मंदावायची. बाराव्या वळणावर कधी ती जरा जास्त वेळ थांबली, तर वैजयंता पडद्याकडे झुकायची. रेघ पुन्हा सुरू व्हायची. शाळेच्या दारात ती संपली, की वैजयंता उठून तोंडावर पाणी मारायची. मे आला. महिपती डॉक्टरकडे गेला नाही. "शाळा सुरू झाली की बघू," म्हणाला. तिनेही नेट लावला नाही. चोरी आता दोघांची होती. त्यामुळे घरात त्या विषयावर बोलणंच बंद झालं, आणि हळूहळू बाकीच्या विषयांवरही.

जुलैच्या अखेरीस चार दिवस पाऊस कोसळला. पाचव्या दिवशी सकाळी दहाला पेटीने वरच्या वाडीचा डोंगर ऐकला. अंदाज होता दुपारी तीन ते चार. तालुक्याहून आपत्ती कक्षाचे अधिकारी राऊत केंद्रात येऊन बसले. शाळेची बस आणि दोन जीप वाडीवर गेल्या. महिपतीने तीन फेऱ्या मारल्या. एक वाजता शेवटची माणसं करंजवड्याच्या शाळेत उतरली.

पडद्यावर वरच्या वाडीचा नकाशा होता. त्याखाली दोन आकडे. माणसं: शून्य. जनावरं: चौदा.

"उत्तम," राऊत म्हणाले. "रस्ता बंद करा. आता कोणाला वर सोडू नका."

वैजयंताने महिपतीला फोन लावला. शाळेतल्या शिपायाने उचलला. फोन बसमध्ये राहिला होता. "महिपतीभाऊ मघाशी जीपच्या शेवटच्या फेरीत परत वर गेलं की. गुरं बांधलेलीच राहिल्यात म्हणाले, सोडून येतो. जीपवाला त्यांना सोडून आला, ते चालत येणार हायेत."

तिने पडद्याकडे पाहिलं. चौदा ठिपके. बरेच आता सुटे होऊन ओढ्याच्या दिशेने पसरत होते. एक देवळामागच्या बोळात होता आणि जागचा हलत नव्हता. तिने कानाला हेडफोन लावले आणि तो ठिपका उघडला. पावसाच्या घोंगावण्याखाली बारीक थरथर होती. टाच उचलते आहे, पाऊल पुढे पडत नाही. उचलते आहे, पडत नाही. कंपवाताच्या माणसाचे पाय कधी कधी असे जमिनीला खिळतात, हे तिने गुपचूप वाचून ठेवलं होतं. मग एक पाऊल पडलं. मग घसटलेलं दुसरं.

एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

तिने बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. आता तो चालेल, आता पाय सुटेल, बोळ संपला की उतार आहे, असं ती मनात म्हणत राहिली. खोलीत राऊत होते, कंपनीचा माणूस होता, जंगमअण्णा होते. तारेचं कुठे तुटलं तर म्हणून अण्णांना बोलावून ठेवलं होतं. ठिपका चार मीटर सरकला आणि पुन्हा थांबला.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी ती उठली.

"साहेब, वर माणूस आहे."

राऊतांनी पडद्याकडे पाहिलं. "शून्य दाखवतंय."

"देवळामागे ते जनावर नाही. माझे मालक आहेत."

"यंत्र जनावर म्हणतंय, बाई."

"मीच त्याला तसं शिकवलंय."

कंपनीचा माणूस तिच्याकडे बघत राहिला. राऊतांनी घड्याळ पाहिलं, मग डोंगराच्या कुरकुरीचा आलेख. तो सकाळच्या अंदाजापेक्षा जास्तच चढलेला होता.

"मी टोळी पाठवू शकत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पोचेपर्यंत दोन वाजतील."

"मी जातो," जंगमअण्णा म्हणाले. ते रेनकोट चढवतच होते. "ओढ्याकडनं आपली चराची वाट हाय. पंचवीस मिनिटांत वर." त्यांनी वैजयंताकडे पाहिलं, पण तिला काही विचारलं नाही. त्यांच्याबरोबर जीपचा चालक इलाही मुजावर निघाला. राऊतांनी त्यांना अडवलं नाही.

पुढची चाळीस मिनिटं वैजयंताने कानाने पाहिली. अण्णांची टाच. इलाहीची हलकी, लांब पावलं. देवळामागे दोघं थांबले, मग तिघांची पावलं एकत्र झाली. दोघांच्या मध्ये ते घसटणारं पाऊल. बाकीची गुरं वाडीबाहेर गेली होती; नकाशाखाली आता आकडा होता: माणसं दोन, जनावर एक. ओढ्यापर्यंत दीडशे मीटर होते. मग शंभर. अण्णा मागे राहून ढकलत असावेत, कारण त्यांची टाच सगळ्यांत शेवटी पडत होती.

दोन वाजून एक मिनिटाने आलेख उभा चढला. हेडफोनमध्ये एवढा आवाज झाला, की तिने ते ओढून काढले. नकाशावरची वरची वाडी एकदम काळी पडली. तंतू तुटला होता. तुटलेल्या टोकापलीकडून प्रकाश परत येत नव्हता.

ओढ्याच्या अलीकडे पावलांच्या दोन रांगा उरल्या होत्या.

अण्णा तिसऱ्या दिवशी सापडले. ज्या चरात त्यांनी स्वतः तंतूची नळी पुरली होती, त्याच्यापासून दहा हातांवर. वैजयंता त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्यांची बायको पार्वतीवहिनी ओट्यावर बसलेल्या होत्या. वैजयंताने जे घडलं ते सगळं सांगितलं. सात मिनिटंही सांगितली. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता जा. पुन्हा येऊ नको." आवाज चढवला नाही.

महिपतीच्या बरगड्या मोडल्या होत्या. दवाखान्यातून आल्यावर पंधरा दिवसांनी तो पहिल्यांदा नीट बोलला.

"माझं नाव काढून टाकायचं होतं, तर काढून टाकायचंस. जनावर का लिहिलंस?"

"जनावरांकडं कोणी बघत नाही, म्हणून."

त्याने मान हलवली. उजवा हात त्याने आता खिशात ठेवला नव्हता. तो मांडीवर आपोआप हलत होता आणि दोघंही त्याच्याकडे बघत होते. बसची चावी त्याने आधीच शिपायाकडे पाठवून दिली होती.

चौकशी सुरू झाली. वैजयंताला कामावरून काढलं, गुन्हा नोंदवण्याचं ठरत होतं. मग दिवाळीनंतर एके दिवशी राऊत तिच्या घरी आले. बरोबर नीलांबरी केतकर होत्या. त्या आधीपेक्षा म्हाताऱ्या दिसत होत्या. राऊतांनी पिशवीतून संगणक काढला.

"तुमच्या प्रकरणानंतर शासनाने सगळ्या खोऱ्यांतल्या नोंदी तपासायला लावल्या," राऊत म्हणाले. "सह्यनादचं जाळं आता पाच जिल्ह्यांत आहे. आम्ही पशुगणनेचे आकडे काढले आणि पेटीतली जनावरं मोजली."

"मग?"

"पेटीत साडेचारशे जास्त आहेत."

वैजयंताने संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवला.

"प्रत्येक खोऱ्यात तुमच्यासारखं कोणीतरी आहे," नीलांबरी म्हणाल्या. "कोणी भावाला लिहिलंय, कोणी आईला. कोणी शेजारणीला, कारण तिचे दिवस राहिलेत हे ठेकेदाराला कळू नये. एकही जण कबूल करत नाही. म्हणतात, म्हैसच आहे. आणि यंत्र आता त्यांनाही जनावरच समजतं. त्याच्याकडून काढता येत नाही. मी महिनाभर प्रयत्न केला. खोऱ्यातल्या कानालाच ते कळेल."

"मी ओळखलं, तर त्यांची नावं कुठं जातील?"

नीलांबरी राऊतांकडे बघू लागल्या. राऊत म्हणाले, "यादीत. यादी एकच आहे. दरडीची वेगळी आणि ग्राहकांची वेगळी अशी करा म्हणून मी लिहिलंय. उत्तर आलेलं नाही."

"आणि नाही ओळखलं तर?"

"जूनमध्ये पाऊस येतो."

आतल्या खोलीतून महिपतीच्या चालण्याचा आवाज येत होता. तो उंबऱ्याशी येऊन थांबला. पाय खिळले होते. वैजयंता उठली नाही. तो स्वतः सुटेपर्यंत तिघंही थांबले. मग तो बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला आणि तिला म्हणाला, "घे."

राऊतांनी हेडफोन पुढे केले. तिने ते कानाला लावले. पहिली नोंद कुठल्यातरी लांबच्या खोऱ्यातली होती, जिथे ती कधी गेली नव्हती. कोणीतरी भल्या सकाळी पाण्याला निघालं होतं. पावलं छोटी, सावध, दोनदा थांबून पुन्हा निघालेली. बाईमाणूस. पोटुशी. सातवा महिना असावा.

वैजयंताने ती तीनदा ऐकली. मग डोळे मिटून म्हणाली, "लिहा. माणूस."